तात्यांनी छापखान्यातून परत आणलेलं पान

श्री. भानुदासराव गोरे यांना मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते आमच्या देवगाव रंगारीतल्या एका लग्नात. नवरदेव माझा मित्र. जेवणं झाली होती, मांडवाच्या सावलीत खुर्च्यांचं कोंडाळं जमलं होतं आणि मधोमध ताठ पाठीचे, पांढऱ्याशुभ्र शर्टातले एक गृहस्थ बोलत होते. गावात त्यांना विमानतात्या म्हणतात. हवाई दलाच्या मालवाहू विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये उभी हयात काढून ते वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, एवढं मला ऐकून माहीत होतं. लोकांनी त्यांना एका गोष्टीचा आग्रह धरला होता. ती गोष्ट गावाला पाठ होती, तरी दर लग्नात ती व्हायचीच.

"आमचं विमान गेलं डोंगरातल्या चौकीला रसद टाकायला," तात्या सांगत होते. "चौकीवाले खाली पांढरी कापडं आंथरायचे. म्हणजे आम्हाला कळायचं, इथं टाका. त्या दिवशी ढग लई. ढगाच्या फटीतून पायलटला कापडं दिसली, घंटा वाजली, पोरांनी ढकलली पोती. अन् ती चौकी नव्हतीच. अलीकडचं खेडं होतं. बायांनी मागावरचं कापड धुऊन वाळत घातलेलं."

"मग वो तात्या?"

"मग काय, मिठाचा पाऊस. त्या मुलखात मीठ म्हणजे सोनं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच वाटेनं गेलो. मी स्वतः दारात होतो. खाली बघतो तं सगळं गाव पांढरं. शेतात कापड, छपरावर कापड, झाडाला कापड. समद्यांनाच मीठ पाहिजे."

मांडव हसला. एक म्हातारबा म्हणाले, "आपलं गाव असतं तं रंगीत कापड आंथरून साखर मागितली असती." त्यावर तात्या स्वतःही खळखळून हसले. मीही हसलो.

तात्यांना आता पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांच्या नोकरीबद्दल, पदकांबद्दल, शहरात ते राहतात त्या पुंडलिकनगरातल्या त्यांच्या सार्वजनिक कामाबद्दल या ग्रंथात माझ्यापेक्षा जाणती माणसं लिहितीलच. गौरवसमितीनं मला लेख मागितला तेव्हा मी सांगितलं की मी नववीत शाळा सोडलेला माणूस, मशिन चालवतो, मला लेख काय जमणार. समितीचं उत्तर आलं की मिठाच्या गोष्टीचं पुढं काय झालं ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. ते खरं आहे. म्हणून तेवढंच लिहितो. तात्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात एकच पुस्तक लिहिलं, आपल्या स्क्वाड्रनचा इतिहास. ते छापून बांधणीला गेलेलं असताना त्यांनी एका पानासाठी ते थांबवलं. पुस्तक कायमचं अडकून पडतं की काय अशी वेळ आली तरी ते मागं हटले नाहीत.

तात्यांचा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. त्यांचे वडील उर्दूत शिकलेले, सातबाऱ्याला शेवटपर्यंत पहाणीपत्रक म्हणायचे. मुलाची शाळा मात्र मराठी झाली होती. चिकलठाण्याच्या माळावर उतरणारं विमान बघायला शाळकरी वयात ते बैलगाडीतून गेले होते आणि तिथून घरी यायला तयार नव्हते, असं त्यांच्या थोरल्या बहिणीनं मला सांगितलंय. तेव्हाच्या औरंगाबादेत भरती लागली आणि ते गेले. विमान चालवायला नव्हे, विमान भरायला. कोणतं पोतं कुठं ठेवायचं, शेळ्या कुठं बांधायच्या, रॉकेलचे डबे कसे आवळायचे हे त्यांचं काम. शेळ्या म्हणजे खऱ्या शेळ्या, चौकीवरच्या जवानांसाठी. आणि चौकीवर आलं की उघड्या दाराशी जायचं, पाठीवर झोपायचं, दोन्ही पाय पोत्याला लावायचे आणि घंटा झाली की रेटायचं. मिठाच्या फेरीनंतर विमानाची जमीन धुवावी लागे, नाहीतर सांडलेलं मीठ पत्रा खाई. तात्या म्हणतात, "लोकं विचारतात विमानात काय शिकलात. मी म्हणतो, सारवण."

हे मला त्यांच्याकडून हळूहळू कळलं, कारण त्या लग्नानंतर माझा त्यांच्याशी संबंध आला तो वेगळ्याच कारणानं. मी वाळूजला कामाला होतो, बजाजनगरात तिघांत एक खोली. माझा पाय कुठं टिकत नव्हता. एक कंपनी सोडायची, दुसरी धरायची, तिसरीत न सांगता जाणं बंद करायचं. गावाकडं आई काळजीत. तिनं तात्यांच्या कानावर घातलं आणि एका रविवारी तात्या स्कूटरवर थेट खोलीवर हजर. मी तापानं पडलो होतो. त्यांनी काही न बोलता स्टोव्ह पेटवला, तांदळाची पेज केली, मला पाजली. भांडी घासून पालथी घातली. मग म्हणाले, "तुला पळायची खोड हाये. असू दे. मी बी पळूनच भरती झालो. पण पळायचं तं सांगून पळावं. मागं राहिलेल्या माणसाला कळलं पाहिजे आपण कुठं गेलो."

बरं वाटल्यावर त्यांनीच मला पोकलेन मशिन शिकायला ओळखीतल्या माणसाकडं पाठवलं. "तुला बसून राहणं जमत नाही, तं ज्याच्यात बसलं तरी पुढं सरकतं असं काहीतरी चालव." तेव्हापासून मी फिरतोय. गुजरात, उत्तराखंड, आणि आता अरुणाचलात, सरहद्दीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर. जागा बदलली की तात्यांना फोन करून सांगतो. ही सवय त्यांनी लावली. त्याशिवाय पुढचं काही घडलंच नसतं.

आता पुस्तकाबद्दल. निवृत्तीनंतर तात्यांच्या लक्षात आलं की स्क्वाड्रनचा जो इतिहास सांगितला जातो त्यात विमानं आहेत, वैमानिक आहेत, लढाया आहेत, पण मीठ, शेळ्या आणि दारात पाठीवर झोपणारी माणसं नाहीत. ते कामाला लागले. जुने सहकारी जिथं असतील तिथं जायचे. सातारा, कोल्हापूर, हरियाणा, केरळ. स्वातंत्र्यानंतर थोड्याशा डकोटा विमानांवर स्क्वाड्रन कशी उभी राहिली, पुरात अडकलेल्या गावांवर चपात्यांची पुडकी कशी टाकली, एकाहत्तरच्या लढाईत किती रात्री कुणी झोपलं नाही, हे सगळं त्यांनी माणसांच्या तोंडून मिळवलं. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "नोकरीत होते तेव्हा निदान सुट्टीला तरी घरी यायचे."

पद्धत कडक होती. कुणी काही सांगायला लागलं की तात्या पहिल्यांदा विचारणार, "तुम्ही स्वतः पाहिलं का ऐकलं?" पाहिलेलं पुस्तकात जायचं. ऐकलेलं दुसऱ्या कुणी पाहिलेलं सापडेपर्यंत बाहेर थांबायचं. या नियमापायी त्यांनी एकाहून एक सरस किस्से गाळले, त्यातला एक तर त्यांच्या जिवलग मित्राचा होता आणि तो मित्र वर्षभर बोलला नाही. मिठाची गोष्ट मात्र सहाव्या प्रकरणात बिनधोक गेली. पहिल्या फेरीचे साक्षीदार त्यांना भेटले होते, आणि दुसऱ्या फेरीला ते स्वतः दारात होते. पांढरी कापडं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मागच्या वर्षी आमचा रस्ता डोंगरातल्या एका गावापर्यंत पोचला. बांबूची घरं, जमिनीपासून उंच उचललेली. तिथल्या ताकार नावाच्या पोराशी माझी दोस्ती झाली, तो आमच्या कामावर मुकादम होता. त्याची आजी, यापी, आम्हाला चुलीपाशी बसवून चहा पाजायची. पाऊस लागला की मशिन बंद, मग आमच्या गप्पा. एकदा मी म्हटलं, हमारे गाँव में एक तात्या हैं, उनका जहाज इधर ही कहीं नमक गिराता था. आणि लग्नातली गोष्ट रंगवून सांगितली. झाडाला कापड, छपरावर कापड. सांगून मी हसलो.

ताकार हसला नाही. त्यानं आपल्या भाषेत आजीला काहीतरी सांगितलं. मग ती हळूहळू बोलली आणि ताकारनं मला हिंदीत सांगितलं.

ते गाव हेच होतं. पोती पडली तेव्हा यापी लहान मुलगी होती, शेताच्या बांधावर. तिची आई घरात, चुलीपाशी. एक पोतं छप्पर फोडून आत आलं आणि आईच्या कमरेवर बसलं. ती मेली नाही, पण तिला हलता येईना. चौकीकडं माणूस पाठवला तर वाटेत दरड कोसळलेली, तो अर्ध्यातून परत आला. तेव्हा यापीच्या बापानं विचार केला की आपण पांढरं कापड टाकलं म्हणून विमान आलं. मग पुन्हा टाकू. जास्त टाकू. विमान येईल, त्यांना दिसेल, ते डॉक्टर पाठवतील. त्यानं घरोघर जाऊन कापड मागितलं. शेतात टाकलं, छपरावर टाकलं, झाडाला बांधलं. विमान आलं. एक घेर घेतला आणि निघून गेलं. आई त्यानंतर काही दिवस जगली, आणि गेली.

रेंज मिळायला मला घाट उतरावा लागतो. दुसऱ्या दिवशी उतरलो आणि फोन लावला.

"तात्या, ती मिठाची गोष्ट."

"व्हय, हाये की पुस्तकात. सहावं प्रकरण. छापून झालं, बांधणीला गेलं. का रे?"

मी जसं ऐकलं तसं सांगितलं. पलीकडून आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली.

"तात्या?"

"हाये मी. बाळू, मी दारात होतो. खाली माणसं बी दिसली. हात हलवत होती. आम्ही बी हलवले."

मग त्यांनीच विचारलं,

"त्या माउलीचं नाव काय?"

"यापी."

"तिच्या आईचं?"

ते मी विचारलं नव्हतं.

"विचार. मी छापखान्यात जातो."

पुढचं मला सुमनकाकूंकडून आणि छापखान्याच्या मालकांकडून कळलं. तात्या त्याच पावली औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात गेले. मालक म्हणाले, "तात्या, बांधणी चाललीय. एका पानापायी सगळं उसवायचं का?"

"व्हय."

"अहो, प्रकाशनाची तारीख ठरलीय. पाहुणे ठरलेत. शुद्धिपत्र लावू ना शेवटी."

"शुद्धिपत्र कोण वाचतं? तुम्ही वाचता का?"

मालक खरं बोलणारे निघाले. नाही म्हणाले आणि बांधणी थांबवली.

पण खरी अडचण छापखान्यात नव्हती. जुन्या सहकाऱ्यांच्या संघात गोष्ट गेली आणि वादळ उठलं. कुणी फोनवर म्हणालं, सगळी हयात देशाची सेवा केली, आता म्हातारपणी स्वतःच्या अंगावर चिखल उडवून घेता का? कुणी म्हणालं, एका मजूर पोराच्या ऐकीव गोष्टीवर इतिहास बदलता? हा दुसरा मुद्दा तात्यांना लागला, कारण तो त्यांचाच नियम होता. आणि मग पुण्याहून विंग कमांडर कर्णिक साहेबांचा फोन आला. कर्णिक साहेब त्या दुसऱ्या फेरीचे वैमानिक. पुस्तकाला प्रस्तावना त्यांची. तात्या त्यांना फार मानतात, आजही त्यांचा फोन आला की उभं राहून बोलतात.

"गोरे," साहेब म्हणाले, "खाली कापड दिसलं, पण चौकीवाले त्याच्याजवळ करतात तो धूर नव्हता, खूण चुकीची होती, मी पुढं गेलो. त्यात चूक काय झाली?"

"काही नाही सर. तुम्ही बरोबर केलं."

"मग?"

"मग आपण हसलो, सर. अन् आजपर्यंत हसतोय. ते पुस्तकात छापलंय मी."

"ते पान तू बदललंस तर माझी प्रस्तावना परत दे."

"देतो सर. प्रस्तावना तुमची आहे. पान माझं आहे."

फोन ठेवल्यावर तात्या बराच वेळ उभेच होते, असं काकूंनी सांगितलं.

प्रस्तावना गेली. संघानं अंग काढून घेतलं. प्रकाशनाची तारीख मोडली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात अर्धवट उसवलेलं पुस्तक उरलं. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवसांत त्यांना समजावलं होतं, की तो मजकूर गाळून टाका, ना हसू ना रडू, पुस्तक तरी निघेल. तात्या म्हणाले, "गाळला तं लग्नांत ती गोष्ट चालूच राहील. मी नाही सांगितली तं दुसरा सांगेल." आणि त्यांनी अरुणाचलाचं तिकीट काढलं.

काकूंचा संताप झाला. "गुडघा वाकत नाही अन् निघाले डोंगर चढायला. तिथं जाऊन काय मीठ वेचून आणणार का?"

"विचारून येतो."

"फोनवर विचारा. बाळू हाये ना तिथं."

"ती नको म्हणाली तं? तोंडावर म्हणू दे. तेवढं तरी तिच्या हातात असू दे."

काकूंनी बॅगेत गुडघ्याचा पट्टा आणि लसणाची चटणी भरली. भांडण मात्र स्टेशनपर्यंत चालू ठेवलं.

गुवाहाटीपर्यंत रेल्वे, पुढं बस, पुढं सुमो. शेवटच्या टप्प्यात दरड पडलेली होती आणि ती उपसायला नेमकं माझंच मशिन. तात्या सुमोतून उतरून बाजूच्या दगडावर बसले. माती हलेपर्यंत बसून होते. रस्ता मोकळा झाल्यावर मी खाली उतरलो, पाया पडलो. ते कड्याकडं बघत होते. म्हणाले, "वरून हे समदं सपाट दिसतं रे."

गावात गेलो. यापी आजींच्या घराची शिडी त्यांना चढता येईना, आम्ही दोघांनी धरून चढवलं. आत त्यांना बसायला मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, दिलं. तात्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. बरोबर लिहून आणलेलं नवं पान काढलं, पण वाचायच्या आधी म्हणाले, "मैं उस जहाज में था. दूसरी बार जो आया था. मैं दरवाज़े पे था, और मैं हँसा था."

ताकारनं ते आजीला सांगितलं. आजी त्यांच्याकडं बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच, मोडक्या हिंदीत, विचारलं, "ऊपर से कपड़ा दिखता था?"

मी तात्यांकडं बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. ढग होते म्हणायचं, झालं.

"दिखता था," तात्या म्हणाले.

"सब?"

"सब. छत का भी, पेड़ का भी."

"आदमी?"

"आदमी भी. हाथ हिला रहे थे. हमने भी हिलाया."

आजींनी चुलीत लाकूड सारलं. मला वाटलं, आता त्या आम्हाला जायला सांगतील, आणि तात्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं. मग आजी ताकारशी बोलायला लागल्या. पुष्कळ बोलल्या. ताकार थांबत थांबत सांगत गेला.

"आजी का बाप मरते टाइम तक एक ही बात बोलता था. कपड़ा कम पड़ गया. एक घर में नया बच्चा हुआ था, उस घर का कपड़ा उसने नहीं लिया. बच्चे के नीचे था. वो बोलता था, वो भी डाल देता तो जहाज को दिख जाता. इसी के लिए वो उस घर से फिर कभी बात नहीं किया. वो लोग भी समझता था कि हमारे कारण हुआ."

तात्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "कम नहीं पड़ा था," ते म्हणाले. "एक कपड़ा होता तो भी दिखता. हमको दिखा. हम समझे नहीं."

ताकारनं सांगितलं. आजींनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तात्यांच्या खिशाकडं बोट दाखवलं.

"लिखो," आजी म्हणाल्या. "कपड़ा कम नहीं पड़ा था. ये लिखो. और मेरी माँ का नाम लिखो. यानी था उसका नाम."

तिथंच, चुलीच्या उजेडात तात्यांनी पान बदललं. आधी लिहून आणलेल्या मजकुरात आम्ही हसलो, आम्हाला खेद आहे असं पुष्कळ होतं. ते त्यांनी जवळजवळ सगळं खोडलं. मी विचारलं का, तर म्हणाले, "हे माझ्याबद्दल होतं."

परत आल्यावर त्यांनी आपला जुना नियमही बदलला. पाहिलं की ऐकलं एवढं विचारून आता ते थांबत नाहीत. खाली उतरून विचारलं का, हेही विचारतात. या एका प्रश्नापायी त्यांनी आणखी दोन प्रकरणं नव्यानं लिहायला घेतली. संघातल्या लोकांना पुन्हा फोन गेले. काहींनी उचलले नाहीत, काहींनी उचलले.

एके दुपारी पुंडलिकनगरातल्या घरासमोर पुण्याची गाडी थांबली. कर्णिक साहेब, हातात काठी. तात्या दारातच उभे राहिले. काकूंनी पाणी दिलं. साहेबांनी नवं पान मागितलं, चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं.

"पहिल्या फेरीच्या वैमानिकाचं नाव आहे. दुसऱ्या फेरीचं नाही."

"गरज नव्हती, सर."

"तुझं आहे. दारात भानुदास गोरे. विमान काय तू चालवत होतास?" साहेब म्हणाले. "माझं नाव टाक. प्रस्तावना नवीन लिहून देतो."

काकू सांगतात, त्या दिवशी दोघं शिळ्या भाकरीचा काला खात संध्याकाळपर्यंत बसले होते आणि बहुतेक वेळ एका शेळीबद्दल बोलत होते, जी विमानात व्यायली होती.

तात्यांचे गुण सांगावेत असा अशा लेखांचा रिवाज आहे हे मला ठाऊक आहे. शिस्त, वक्तशीरपणा, माणुसकी हे सगळं त्यांच्यात आहे. पण मी जे पाहिलं ते हे की त्यांना स्वतःची सगळ्यात लाडकी गोष्ट चुकीची निघाल्यावर तिला सोडून देता आलं. ज्या गोष्टीवर गाव त्यांना ओळखत होतं, तीच. आता देवगावच्या लग्नात कुणी आग्रह धरला तर ते गोष्ट सांगतात, पण पुढची सगळी सांगतात. मांडव गप्प होतो. यजमानांना ते आवडत नाही. तात्या सांगतात.

पुस्तक आता याच गौरवसमारंभात प्रकाशित होत आहे. छापून आलेल्या त्या पानाचा फोटो तात्यांनी मला आधीच पाठवला. मी घाटातून तो फोनवर घेऊन वर गेलो. आजींच्या घरात ताकारनं तो हिंदीत करून वाचला. आजींनी आणखी एका माणसाला बोलावून आणलं होतं. पन्नाशी उलटलेला, अंगानं मोठा, लाकडं फोडणारा माणूस. तालो त्याचं नाव. ज्या बाळाखालचं कापड राहून गेलं ते बाळ हाच. तो दाराशीच बसला. या घरात तो पहिल्यांदाच आला होता. ताकार वाचत त्या ओळीवर आला, कापड कमी पडलं नव्हतं, विमानातून सगळं दिसत होतं. वाचून झालं. तालो म्हणाला, "फिर से पढ़ो." ताकारनं पुन्हा वाचलं. मग आजी उठल्या आणि त्याच्यासाठी चहा ओतला.

तात्या, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिलं. तुमच्या गुडघ्यात बळ राहो, डोळ्यांना वाचता येवो, काकूंची चटणी आणि भांडण दोन्ही तुम्हाला पुष्कळ वर्षं मिळोत. शंभरीला आम्ही सगळे पुंडलिकनगरात येऊ. पण त्याआधी एकदा इकडं या. रस्ता आता तालोच्या दारापर्यंत गेला आहे, आणि तुम्ही कधी येणार हे तो मला रोज विचारतो.

— बाळू शेजवळ, देवगाव रंगारी (मुक्काम सध्या अरुणाचल)